लिनक्स सोपं आहे, पण शेजारी सांगणारं कुणीतरी हवं

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोलली तशीच ठेवली आहे.)



मी चाळीसगावचा. बीटेक केलं, आता सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून काम करतो. आठवडाभर ऑफिसच्या कामासाठी लिनक्स वापरतो, आणि सुट्टीत गावी आलो की नातेवाइकांचे, शेजाऱ्यांचे लॅपटॉप बघतो. खरं सांगू? या दोन्हींत दुसरं काम जास्त अवघड आहे. आणि आजचा भाग त्यावरच आहे. ज्यानं लिनक्स आयुष्यात कधी बघितलं नाही, त्याला ते सोपं कसं करून द्यायचं?

हा विषय आत्ताच का, तर त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. म्हणजे त्यात सुरक्षेची भोकं सापडली तर ती बुजवणारे नेहमीचे अपडेट बंद झाले. कंपनीनं काही अटींवर वर्षभराची जादा मुदत दिली, पण ती मुदतच आहे. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सोय लागते, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीच्या पुढचा लागतो. आता आपल्या घराघरांत काय आहे? दादाच्या इंजिनिअरिंगला २०१६ मध्ये घेतलेला लॅपटॉप, सहाव्या-सातव्या पिढीचा. स्क्रीन चांगली, कीबोर्ड चांगला. तो लॅपटॉप आता धाकट्या बहिणीकडे आलाय. कापसाच्या पैशातून घेतलेली वस्तू आहे ती, भंगारात टाकायची नाही.

अशा लॅपटॉपवर लिनक्स छान चालतं. मग लोक घेत का नाहीत? ‘अवघड असतं बाबा, काळ्या स्क्रीनवर कमांड टाकाव्या लागतात.’ हे उत्तर मी शंभर वेळा ऐकलंय. ते अर्धंच खरं आहे. आज नवशिका माणूस काळ्या स्क्रीनवर अडत नाही, तो वेगळ्याच ठिकाणी अडतो.

खिशातलं लिनक्स

तुम्ही हे बहुतेक अँड्रॉइड फोनवर ऐकताय. त्या फोनच्या पोटात लिनक्सच आहे. लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं ऑगस्ट १९९१ मध्ये ज्याची घोषणा केली, तोच गाभा, तोच कर्नल. माझी आजी रोज लिनक्स वापरते आणि तिला कुणी कमांड शिकवलेली नाही.

मग फोन सोपा का वाटतो? एक, तो दुकानातून तयार येतो, आपल्याला काही बसवावं लागत नाही. दोन, काही हवं असलं तर प्ले स्टोअर, एकच जागा. तीन, आणि हे सगळ्यात मोठं, अडलं तर विचारायला घरात, गल्लीत, बसमध्ये कुणीही सापडतं. ‘ए, जरा हे बघ रे, आवाज येत नाहीये.’ झालं काम.

आता विंडोजचं बघा. महाराष्ट्रात २००१ साली एमकेसीएलचा एमएस-सीआयटी कोर्स सुरू झाला. गावोगावी सेंटर निघाली. माऊस कसा धरायचा, फोल्डर कसं बनवायचं, वर्डमध्ये अर्ज कसा टाइप करायचा, हे लाखो लोकांना शेजारी बसून शिकवलं गेलं. आज आपण म्हणतो विंडोज सोपं आहे. मंडळी, ते आपल्याला शिकवलं गेलंय. डबल क्लिक काही कुणी आईच्या पोटातून शिकून येत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: डेस्कटॉप लिनक्सचे मेनू आता बऱ्यापैकी सोपे झालेत. राहिलंय ते शेजारी बसणं. आणि शेजारी बसणाऱ्याला नवशिका नेमका कुठे अडतो हे माहीत पाहिजे. चला, एकेक ठिकाण बघू.

पहिली अडचण: कोणतं घेऊ?

नवा माणूस विचारतो, ‘लिनक्स टाकायचंय, कोणतं टाकू?’ आणि आपण जाणकार मंडळी त्याला उबुंटू, फेडोरा, डेबियन, मिंट, आर्च अशी यादी देतो, वर आपसात भांडतो. धुळ्याला जाणारा माणूस चाळीसगाव जंक्शनला पहिल्यांदा उतरतो, तेव्हा त्याला रेल्वेचा इतिहास नको असतो. धुळ्याची गाडी कोणत्या प्लॅटफॉर्मला लागते, तेवढं सांगायचं.

मी एकच सांगतो: लिनक्स मिंट, सिनॅमन आवृत्ती. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, घड्याळ उजवीकडे, म्हणजे डोळ्यांना ओळखीचं. मिंट २२ ला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. २ जीबी रॅमवर चालू होतं, पण ४ जीबी असेल तर बरं. त्यात सॉफ्टवेअर मॅनेजर आहे, ते त्याचं प्ले स्टोअर समजा. टाइमशिफ्ट आहे, म्हणजे काही बिघडलं तर सिस्टिम कालच्या स्थितीत परत नेता येते.

आणि लगेच विंडोज पुसायची घाई नको. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट टाकायचं, लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून चालू करायचा. याला लाइव्ह म्हणतात. हार्ड डिस्कला हात न लावता सगळं बघता येतं. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, ब्राइटनेस कमी-जास्त होतोय का, टचपॅड, कॅमेरा. काही जुन्या लॅपटॉपांची वायफाय चिप लिनक्सला लगेच ओळखीची नसते. तेव्हा एक साधी युक्ती: फोन केबलनं लॅपटॉपला जोडा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. इंटरनेट लगेच येतं, आणि त्यावरून वायफायचा ड्रायव्हर उतरवता येतो.

बसवायच्या आधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवायची. दहावीची मार्कशीट, जातीचा दाखला, आईबाबांच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो. हे काम झाल्याशिवाय ‘इन्स्टॉल’ला हात लावायचा नाही. यात तडजोड नाही.

दुसरी अडचण: मराठी कसं टाइप करू?

खरा माणूस इथे अडतो. फोनवर आपण इंग्रजी अक्षरांत लिहितो आणि कीबोर्ड मराठी करून देतो. लिनक्सवर बसला की पहिल्या पाच मिनिटांत प्रश्न येतो, ‘मराठी कुठंय?’ आणि सांगणाऱ्यानं स्वतः कधी मराठी टाइप केलेलं नसेल, तर तो तिथेच गप्प होतो.

सोय आहे, आणि चांगली आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउट जोडायचा. तिथे मराठीचा इन्स्क्रिप्ट मिळतो आणि उच्चारावर चालणारा एक फोनेटिकही मिळतो. आयबस आणि एम१७एन हे दोन पॅकेज टाकले की अजून पर्याय येतात, अगदी ‘गमभन’च्या धर्तीवरचासुद्धा. फोनवरून आलेल्यानं फोनेटिक घ्यावा. फरक एवढाच की फोन अंदाज बांधून देतो, इथे त आणि ट वेगळे करायला शिफ्ट दाबावी लागते. ज्याला पुढे ऑफिसचं काम करायचंय त्यानं इन्स्क्रिप्ट शिकावा. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. महिनाभर रोज वीस मिनिटं बसलं तर हात बसतो.

आणखी एक बारीक गोष्ट. काही फॉण्टमध्ये आपला ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचा दिसतो, म्हणजे वाचता येतो पण परका वाटतो. रेड हॅट कंपनीनं २००४ मध्ये खुले केलेले लोहित फॉण्ट आहेत. त्यातल्या लोहित देवनागरीत भाषा मराठी निवडली की मराठी वळणाची अक्षरं येतात. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा ‘मराठी’ करून बघा. अक्षर आपलं दिसलं की यंत्र आपलं वाटतं.

तिसरी अडचण: जुन्या फाइल

तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर कधी अशी वर्ड फाइल आलीय का, जी उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते? फोन खराब नसतो. ती फाइल कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केलेली असते. त्या फॉण्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, वर फक्त मराठीचा मुखवटा असतो. फॉण्ट नसला की मुखवटा गळतो.

लिनक्सवर हीच फाइल उघडली की लोक म्हणतात, ‘बघ, लिनक्सवर मराठी चालत नाही.’ तेव्हा शेजारी बसणाऱ्याला हे समजावता आलं पाहिजे. उपाय म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेणे. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. बदललेला मजकूर एकदा डोळ्यांखालून घालायचा, कारण जोडाक्षरांत आणि रफारात गडबड राहते. पण एकदा युनिकोड झालं की फोन, विंडोज, लिनक्स, सगळीकडे तेच दिसतं.

चौथी अडचण: प्रिंट

आपल्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानांत एक छोटा लेझर प्रिंटर खूप दिसतो, कॅननचा एलबीपी २९००. तो कॅप्ट नावाच्या कंपनीच्या स्वतःच्या पद्धतीनं चालतो, त्यामुळे लिनक्सवर तो चालू करायला बरीच खटपट लागते. म्हणून दुकानदाराला ‘आजच लिनक्स टाका’ असं मी म्हणत नाही. आधी प्रिंटर बघायचा, मग बोलायचं. एचपीच्या बऱ्याचशा प्रिंटरना एचपीलिप नावाचं सॉफ्टवेअर पुरतं. नवीन वायफाय प्रिंटर तर बहुतेकदा ड्रायव्हरशिवायच ओळखले जातात.

घरच्या वापराला याहून सोपा मार्ग: काहीही लिहिलं की पीडीएफ करायची आणि ती दुकानात पाठवायची. पीडीएफमध्ये फॉण्ट सोबत जातो, त्यामुळे दुकानातल्या कॉम्प्युटरवर ओळी सरकत नाहीत. लिबरऑफिसमध्ये त्यासाठी वर एक बटणच आहे.

पाचवी अडचण: मेनूतले शब्द

हा माझ्या आवडीचा भाग. लिनक्सचे मेनू मराठीत करण्यासाठी अनेकांनी फुकट, रात्री जागून काम केलंय. त्यांचं ऋण आहेच. पण एखाद्या मेनूत ‘फोल्डर’ला ‘संचयीका’ असा शब्द भेटतो, आणि आपला माणूस थबकतो. आमच्या अहिराणीत विचारतो, ‘हाई काय शे भो?’ त्यातून एका प्रोग्रॅममध्ये एक शब्द, दुसऱ्यात दुसरा, आणि मध्येच दोन ओळी इंग्रजी.

हे दुखणं ओळखून २००८ मध्ये फ्युएल नावाचा प्रकल्प सुरू झाला. मेनूत वारंवार येणाऱ्या शब्दांची यादी करायची आणि प्रत्येक भाषेच्या लोकांनी बसून त्यासाठी एकेक शब्द पक्का करायचा. कल्पना अगदी बरोबर. माझी भर एवढीच की त्या बैठकीत भाषेच्या जाणकारासोबत फोन दुरुस्त करणारा पोरगा आणि बचत गटाचा हिशेब ठेवणारी ताईसुद्धा पाहिजे. ‘रद्द करा’, ‘शोधा’, ‘पुढे’, हे शब्द लोकांच्या तोंडात आहेत, ते मराठीच ठेवा. ‘फाइल’, ‘फोल्डर’, ‘प्रिंट’ हेही आता लोकांच्याच तोंडातले शब्द आहेत, ते तसेच राहू द्या. आणि तुम्ही ऐकणाऱ्यांपैकी कुणाला भाषांतर करायचं असेल तर यायला मोकळी जागा आहे. कोड यावाच लागत नाही.

पहिला तास

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगतो. माझी एक मावसबहीण बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लॅपटॉप जुना, ४ जीबी रॅम, चालू व्हायला इतका वेळ की मध्ये चहा होऊन जायचा. आम्ही त्यात एसएसडी टाकली आणि मिंट बसवलं.

मिंट बसवल्यावर माझं काम संपलं नव्हतं, ते तिथून सुरू झालं. मी तिला विचारलं, ‘तू लॅपटॉपवर काय काय करतेस?’ तिनं पाच गोष्टी सांगितल्या: कॉलेजचे पीडीएफ वाचणं, प्रोजेक्ट लिहिणं, महाडीबीटीचा फॉर्म भरणं, व्हिडिओ बघणं आणि व्हॉट्सअ‍ॅप. डेस्कटॉपवर पाचच आयकॉन ठेवले. बाकी सगळं मेनूत. मग मी माऊसवरून हात काढला. हा नियम आहे बघा: शिकवणाऱ्यानं माऊस धरायचा नाही. ती चुकीच्या ठिकाणी क्लिक करेल, करू द्या. पाचही कामं तिनं स्वतः एकेकदा करून बघितली. मावशी मागून विचारत होती, ‘अरे, यात व्हायरस येणार नाही ना? आणि फोटो राहिलेत ना?’ फोटो पहिल्यांदा उघडून दाखवले. मावशीचा विश्वास त्या फोटोंनी बसला.

तिसऱ्या दिवशी फोन आला. ‘दादा, सरांना वर्डची फाइल पाहिजे.’ सेव्ह करताना खाली डॉक्सएक्स निवड, आणि सोबत पीडीएफ पण पाठव, एवढंच सांगितलं. आठव्या दिवशी अजून एक फोन. त्यानंतर ती तिच्या मैत्रिणीला सांगायला लागली. मला फोन येणं बंद झालं. हे माझं यशाचं माप आहे.

आणि कुणाला नको सांगायचं, हेही ऐका. दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल, कॉलेजला ऑटोकॅड लागत असेल, टायपिंगच्या परीक्षेचं सॉफ्टवेअर विंडोजवर असेल, तर त्याला लिनक्समध्ये ढकलू नका. त्याचं काम अडलं तर तो पुन्हा लिनक्सचं नाव काढणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल.

गावात विचारायला कोण?

सरकारी पातळीवर प्रयत्न झालेत. सी-डॅकनं डेबियनवर आधारलेलं ‘बॉस’ २००७ मध्ये आणलं, भारतीय भाषांच्या सोयीसकट. पण आमच्या तालुक्याच्या बाजारात ‘बॉस बसवून द्या’ म्हटलं तर दुकानदार तुमच्याच तोंडाकडे बघेल. सॉफ्टवेअर होतं, शेजारी बसणारा नव्हता.

याउलट केरळ बघा. तिथल्या काइट या सरकारी संस्थेनं २०१९ मध्ये उबुंटूवर आधारलेली शाळांसाठीची आवृत्ती आणली. दोन लाख कॉम्प्युटरवर ती जाणार आणि परवान्यांचे ३,००० कोटी रुपये वाचणार, असं तेव्हा जाहीर झालं होतं. पण मला आकड्यापेक्षा त्यांची पद्धत महत्त्वाची वाटते. आधी त्यांनी शिक्षकांना तयार केलं. २०१८ पासून शाळांमध्ये ‘लिटल काइट्स’ नावाचे मुलांचे क्लब काढले. म्हणजे अडलं तर वर्गातलीच एखादी मुलगी उठून सांगते.

आपल्याकडेही एक खजिना आहे, फक्त लोकांना माहीत नाही. आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प. लिनक्स, लिबरऑफिस आणि बरंच काही, छोटे छोटे व्हिडिओ, मराठी आवाजात, फुकट. अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ लावायचा, अर्ध्या स्क्रीनवर आपण स्वतः करून बघायचं. ज्याला शेजारी कुणी नाही त्याच्यासाठी हा शेजारी आहे.

शेवटी आपल्या मातीतली एक गोष्ट. चाळीसगावजवळ पाटण आहे, पाटणदेवीचं. ‘लीलावती’ लिहिणारे भास्कराचार्य इथलेच, असं अनेक अभ्यासक मानतात. ११५० च्या सुमाराचा तो ग्रंथ. त्यात भुंगे, हत्ती, फुलं घेऊन गणितं घातलीत, म्हणजे अवघड विषय सोपा करायची हौस इथे जुनी आहे. पण ग्रंथ सोपा लिहून भागलं नाही. त्यांचा नातू चांगदेव यानं तो शिकवण्यासाठी पाटणला मठ काढला. १२०६-०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे तिथे, आणि त्याच्या शेवटी जुन्या मराठीत मठाचा खर्च कसा चालणार ते लिहिलंय. बाजारातल्या विक्रीवरच्या कराचा वाटा, आणि गावातल्या प्रत्येक तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल.

पळीभर! घाणेवाल्याला त्यानं काही फरक पडत नाही, पण सगळ्यांचं मिळून मठातला दिवा जळत राहतो. फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर जगभर असंच चालतं. कुणी कोड देतं, कुणी फॉण्ट, कुणी भाषांतर. तुम्हाला यातलं काही येत नसेल तर एक तास द्या. या सुट्टीत एक पेनड्राइव्ह तयार करा, ओळखीतला एक जुना लॅपटॉप शोधा, त्या माणसाला त्याची पाच कामं विचारा, आणि माऊसवरून हात काढून शेजारी बसा. मग पुढचे पंधरा दिवस फोन उचला.

एवढंच सांगायचं होतं. पुढच्या भागात मिंट पेनड्राइव्हवर कसं टाकायचं ते पायरीपायरीनं बघू. तोपर्यंत कागदपत्रांची कॉपी काढून ठेवा. भेटू, मंडळी!